पगार द्या : महाराष्ट्रातल्या सीएसआर समित्यांना खुले पत्र

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी वाटणाऱ्या समित्यांच्या सर्व सन्माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी संपत आला की आमच्यासारख्यांचे फोन वाजू लागतात. थोडी रक्कम शिल्लक आहे, मार्चअखेर खर्ची पडली पाहिजे, एखादा तयार प्रस्ताव आहे का? मी पुण्यात बसून लहान संस्थांचे हिशेब पाहते, प्रस्ताव लिहिते, ऑडिटरच्या शंका निस्तरते. त्यातल्या काही संस्थांचं काम अशा भागात आहे जिथे शेजारची गावं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठत आली आहेत. मणिपूर, आसामचा बोडो भाग, नागालँड, काश्मीर. हे पत्र त्या कामासाठी आहे आणि त्यात मागणं एकच आहे. तिथे वस्तू पाठवू नका. तिथे राहून काम करणाऱ्या माणसांचे पगार द्या, आणि मध्येच हात काढून न घेता बरीच वर्षं द्या.

एका व्हाउचरपासून सुरुवात करते. इंफाळ ते चुराचांदपूर हा साठेक किलोमीटरचा रस्ता. मे २०२३ मध्ये मणिपूरच्या खोऱ्यातल्या मैतेई आणि डोंगरातल्या कुकी-झो समाजांत हिंसाचार पेटला. अडीचशेहून अधिक माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास माणसं घरांतून उठली, आणि खोरं व डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात सुरक्षा दलांनी नाकी उभी केली. त्यानंतर मैतेई ड्रायव्हर पलीकडे जाईना आणि कुकी ड्रायव्हर अलीकडे येईना. दोन्हीकडे जाऊ शकत होते ते प्रामुख्याने पांगल, म्हणजे मणिपुरी मुसलमान ड्रायव्हर. तिथे औषधं पोचली, निरोप पोचले, त्यातलं बरंचसं त्यांच्या स्टिअरिंगवर पोचलं. माझ्यासमोर आलेल्या फाइलमध्ये एकाच दिवसाच्या, एकाच रस्त्याच्या दोन टॅक्सी-पावत्या होत्या. वाटेतल्या क्वाक्ता गावापर्यंतची एक, तिथून पुढची दुसरी. देणगीदार कंपनीच्या लेखा विभागाने पेन्सिलने गोल करून विचारलं होतं, 'एका प्रवासाची दोन बिलं का?' शंका रास्त होती. पण उत्तर देऊनही दुसरं बिल नामंजूर झालं, कारण मंजूर अंदाजपत्रकात 'स्थानिक प्रवास : एक वाहन' असं लिहिलेलं होतं.

त्याच संस्थेला दोन्ही समाजांतल्या आपल्या कार्यकर्त्यांची बैठक घ्यायची होती. इंफाळमध्ये घेता येत नव्हती, चुराचांदपूरला घेता येत नव्हती. कुकी-झो माणसाला विमान पकडायचं तर इंफाळचा विमानतळ बंद असल्यासारखाच, त्यामुळे तो बारा-पंधरा तास डोंगरी रस्त्याने मिझोराममध्ये ऐझॉलला जाणार आणि तिथून उडणार. बैठक गुवाहाटीला झाली. एकत्र काम करून मग वर्षभर एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं तिथे पहिल्यांदा एका टेबलाशी बसली. त्या बैठकीच्या खर्चावर शेरा आला : 'लाभार्थी संख्या नमूद करावी.'

आता मुख्य गोष्ट सांगते. काही काळापूर्वी एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर विभागासमोर मी एका संस्थेचा प्रस्ताव घेऊन बसले होते. मागणी साधी होती. दोन स्थानिक समन्वयक, दोन वेगवेगळ्या समाजांतले, दोघांचा पगार, दोघांचा फोन-प्रवास, तीन वर्षं. समोरची मंडळी सज्जन होती. त्यांनी नीट ऐकून घेतलं, प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाली, पगाराला आम्ही देत नाही, त्याऐवजी शाळेला बाकं देऊ, किती लागतील सांगा. बाकं गेली. पाठीवर कंपनीचं नाव रंगवलेलं होतं. समन्वयकांपैकी एकजण चार महिने बिनपगारी थांबला आणि मग गुवाहाटीत एका मोबाइलच्या दुकानात कामाला लागला. त्या मुलाला दोन्ही बाजूंच्या तीस-चाळीस गावांतल्या गावबुढ्यांपासून, म्हणजे गावप्रमुखांपासून, रिक्षावाल्यांपर्यंत सगळे नावाने ओळखत होते. ती ओळख संस्थेच्या मालमत्तेच्या यादीत कुठेही लिहिलेली नसते, आणि तो गेल्यावर ती पुन्हा शून्यापासून उभी करावी लागते.

हे काम नेमकं काय असतं, असं तुमच्यातले अनेकजण मनापासून विचारतात. प्रश्न योग्य आहे, कारण शाळा, दवाखाना, बंधारा यांच्यासारखं ते डोळ्यांना दिसत नाही.

आसाममधला चिरांग जिल्हा घ्या. बोडो, आदिवासी म्हणजे चहामळ्यांसाठी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी झारखंड-ओडिशातून आणलेल्या संथाळ, मुंडा, उरांवांचे वंशज, बंगाली मुसलमान, राजबंशी, नेपाळी, अशी वस्ती. २०१२ च्या हिंसाचारात बोडो पट्ट्यातून चार लाखांहून अधिक माणसं घराबाहेर पडली. डिसेंबर २०१४ मध्ये अतिरेक्यांनी आदिवासींच्या वस्त्यांवर गोळ्या झाडल्या. या जिल्ह्यात २००० सालापासून 'द अँट' नावाची संस्था आहे. लष्करातून बाहेर पडलेले डॉक्टर सुनील कौल आणि जेनिफर लियांग यांनी ती सुरू केली. त्याच्या तीनच वर्षं आधी, जुलै १९९७ मध्ये, माजुली बेटावर काम करणाऱ्या संजय घोष यांना उल्फा या सशस्त्र संघटनेने पळवून नेऊन मारलं होतं. कौल हे घोष यांचे सहकारी. अशा धक्क्यानंतर माणूस आसाम सोडून गेला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. हे राहिले.

द अँटने आरोग्याचं काम केलं, बोडो बायकांच्या हातमागाचं केलं आणि मग मुलांना खेळायला बोलावलं. खेळ कोणता, तर फ्रिस्बी. ती प्लास्टिकची उडती तबकडी. निवड विचारपूर्वक होती. फुटबॉल कुणाला तरी आधीपासून येतो, मग येणारा आणि न येणारा असे दोन गट पडतात. फ्रिस्बी कुणालाच येत नव्हती. मुलगे-मुली एकत्र खेळतात. संघ असे बांधायचे की त्यात वेगवेगळ्या गावांची आणि वेगवेगळ्या मातृभाषांची मुलं असलीच पाहिजेत. आणि या खेळात पंच नसतो. फाऊल झाला का, हे खेळाडूंनी मैदानातच बोलून ठरवायचं. बारा-तेरा वर्षांची बोडो मुलगी आणि त्याच वयाचा मुसलमान मुलगा मोडक्यातोडक्या असमियात 'माझा हात लागला, तुझा नाही' यावर वाद घालतात आणि मिटवतात. त्यांच्या आईबापांना ज्या वयात दुसऱ्या वस्तीकडे फिरकू नको असं सांगितलं गेलं, त्या वयात ही मुलं सामना पाहायला एकमेकांच्या गावात जातात.

तबकडीची किंमत काय, तर काही शे रुपये. खर्च आहे तो त्या मुलांना गोळा करणाऱ्या, त्यांच्या घरी जाऊन 'संध्याकाळी आणून सोडतो' असा शब्द देणाऱ्या आणि तो पाळणाऱ्या तरुण कार्यकर्त्याचा. तोच कार्यकर्ता एखाद्या रात्री, अमुक गावातला पोरगा बेपत्ता आहे आणि तमुक गावाने त्याला गायब केलंय अशी बातमी फोनवर फिरायला लागली, की पलीकडच्या गावातल्या आपल्या जोडीदाराला फोन लावतो. पोरगा मामाकडे गेलेला असतो. दोघं पहाटे बाजाराच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तेवढं सांगतात. त्या रात्री काही घडत नाही. त्याची बातमी होत नाही, फोटो निघत नाही, आणि तुमच्या तिमाही अहवालाच्या कोणत्याच रकान्यात ते बसत नाही.

म्हणून मी पगार म्हणते.

नागालँडबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे आपल्या डहाणूचा एक माणूस होता. नटवर ठक्कर. जन्म १९३२, डहाणू. काकासाहेब कालेलकरांच्या प्रेरणेने १९५५ साली, तेविसाव्या वर्षी, ते मोकोकचुंग जिल्ह्यातल्या चुचुयिमलांग या आओ नागांच्या गावी गेले आणि आश्रम काढला. तेव्हा नागा टेकड्यांत सशस्त्र बंड आणि लष्कराची मोहीम दोन्ही पेटत होत्या. लष्कराला विशेष अधिकार देणारा १९५८ चा आफ्स्पा कायदा आला तो याच भागासाठी. बाहेरून आलेला, दारू-मांसाला हात न लावणारा गुजराती गांधीवादी तरुण त्या गावाला कसा वाटला असेल? त्यांनी कुणालाही काही सोडायला सांगितलं नाही. मधमाश्या पाळल्या, तेलघाणी चालवली, गूळ केला, सुतारकाम-शिवणकाम शिकवलं. आओ नागा समाजातल्याच लेंटिना आओ यांच्याशी लग्न केलं. धमक्या आल्या, ते हलले नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांना तिथे त्रेसष्ट वर्षं झाली होती.

याच काळात, १९६४ साली, नागालँडमधल्या बाप्टिस्ट चर्चच्या पुढाकाराने एक शांतता मंडळ झालं. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि ब्रिटिश पाद्री मायकेल स्कॉट. त्या तिघांनी सरकार आणि भूमिगत नागा यांच्यात शस्त्रसंधी घडवून आणली. ६ सप्टेंबर १९६४ ला ती लागू झाली. गावांनी बऱ्याच वर्षांनी बंदुकीचा आवाज नसलेली रात्र पाहिली. पण दोनेक वर्षांत मंडळ मोडलं. जयप्रकाश बाहेर पडले, स्कॉट यांना देश सोडायला लावलं. मला त्या तिघांबद्दल अपार आदर आहे, त्यांच्यावाचून ती शस्त्रसंधी झाली नसती. तरीही मोठ्या नावांचं मंडळ आणि गावातला आश्रम यांत टिकलं काय, हे इतिहासात स्पष्ट आहे. मोठी माणसं बोलणी सुरू करून देतात. बोलणी फिसकटल्यावर गावात कोण उरतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

नागालँडमध्ये उरल्या त्या आया. १९८४ मध्ये कोहिमात नागा मदर्स असोसिएशन सुरू झाली. तोवर भूमिगत संघटना फुटल्या होत्या आणि नागाच नागांना मारत होते. १९९४ मध्ये या बायकांनी 'आता आणखी रक्त सांडू नका' अशी मोहीम काढली. जंगलातल्या छावण्यांपर्यंत त्या पायी गेल्या, सीमा ओलांडून म्यानमारमध्ये जाऊन तिथल्या गटाच्या नेत्यांनाही भेटल्या. रस्त्यावर पडलेलं बेवारस प्रेत, मग ते कुठल्याही गटाचं असो, पारंपरिक नागा शाल पांघरून त्यांनी मातीला दिलं. ज्या समाजात शाल कुणाची आणि कुठल्या मानाची याला इतका अर्थ आहे, तिथे शत्रुगटाच्या पोराला शाल पांघरणं काय असतं हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पुढे २००८ मध्ये फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन तयार झाला. पाद्री, आया, विद्यार्थी, जमातींच्या संघटना. त्यांनी एकमेकांचे जीव घेणाऱ्या गटांच्या नेत्यांना पुन्हा पुन्हा एकत्र बसवलं आणि जून २००९ मध्ये त्यांच्याकडून समेटाच्या करारनाम्यावर सह्या घेतल्या. गटागटांतल्या हत्या त्यानंतर बऱ्याच कमी झाल्या. अंतिम तोडगा आजही नाही. १९९७ ची शस्त्रसंधी आहे, २०१५ चा आराखडा करार आहे, बोलणी चालू आहेत. पण दिमापूरच्या बाजारात आज जो मुलगा दुकान उघडतो, तो जिवंत आहे याचं बरंचसं श्रेय या बिनसरकारी माणसांचं आहे.

मणिपूरमध्ये उलटा अनुभव आला. जून २०२३ मध्ये केंद्राने राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली ५१ जणांची शांतता समिती जाहीर केली. आम्हाला न विचारता नावं घातली, असं म्हणत दोन्ही बाजूंच्या अनेकांनी अंग काढून घेतलं. आगीच्या महिन्यात समिती नेमून विश्वास येत नाही. तो आधीच्या थंड वर्षांत कमवावा लागतो, आणि नेमक्या त्याच वर्षांत देणगीदार म्हणतात की आता तिथे शांत आहे, पैशांची गरज काय.

आता कायद्याकडे येते, कारण 'कायद्यात बसत नाही' हे उत्तर मला सगळ्यांत जास्त वेळा मिळालं आहे.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी काहीही असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर. हे तुम्हाला पाठ आहे. हा पैसा कशावर खर्च करायचा ते सांगणाऱ्या सातव्या परिशिष्टात 'शांतता' असा शब्द नाही, हेही खरं. पण शिक्षण आहे, उपजीविका आहे, महिलांचं सक्षमीकरण आहे, अनाथांसाठी वसतिगृहं आहेत, ग्रामीण खेळ आहेत, मदत आणि पुनर्वसन आहे. आणि या परिशिष्टातल्या बाबींचा अर्थ उदारपणे लावावा, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकातच लिहून दिलं आहे. चिरांगची फ्रिस्बी खेळात बसते. कुपवाड्यात २००२ पासून चालणारं 'बसेरा-ए-तबस्सुम' हे अनाथ मुलींचं घर तर शब्दशः बसतं. ते आपल्याच महाराष्ट्रातल्या अधिक कदम यांनी आणि त्यांच्या बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशनने उभं केलं, आणि तिथे बाप कुणाच्या गोळीने गेला हे विचारून प्रवेश दिला जात नाही.

दुसरी अडचण पाच टक्क्यांची सांगितली जाते. प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत हवा, म्हणून पगार नको. कृपया नियम पुन्हा वाचा. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. चिरांगमधला कार्यकर्ता हीच अंमलबजावणी आहे, त्याच्याखेरीज प्रकल्प म्हणून तिथे दुसरं काही नाहीच. तुमच्यावरची मर्यादा गाळून गाळून त्याच्या पगारावर आणून ठेवण्याचा अधिकार कायद्याने कुणाला दिलेला नाही.

मुदतीचंही तसंच. २०२१ च्या नियमांत 'चालू प्रकल्प' ही तरतूद आहे. प्रकल्प सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो, आणि न वापरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. म्हणजे जवळजवळ चार वर्षांचा शब्द तुम्ही आज देऊ शकता. तरी प्रस्ताव बारा महिन्यांचेच मागवले जातात, आणि त्यातले पहिले चार महिने सह्या व्हायलाच लागतात. प्रभाव मूल्यमापनाची सक्तीही सरासरी दहा कोटी आणि त्याहून अधिक दायित्व असलेल्या कंपन्यांना, आणि तीही एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांपुरती आहे. दोन समन्वयकांच्या पगाराचा प्रस्ताव कोटीच्या आसपासही जात नाही. तरी त्याच्याकडून 'संघर्षात किती टक्के घट झाली' हा आकडा मागितला जातो, आणि तो काढण्यासाठी एजन्सी नेमली जाते, जिची फी कधी कधी त्या दोघांच्या वर्षभराच्या पगाराइतकी असते.

आकड्याचा आग्रह का चुकतो, हे महाराष्ट्रातल्या माणसाला भिवंडीवरून चटकन कळेल. १९७० आणि १९८४ मध्ये भिवंडीत भीषण दंगली झाल्या. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू-मुसलमान शेजारी, यंत्रमागवाले, पानवाले, एका बीटचा हवालदार, आणि नियमित बैठका. विषय साधे असत. नळ, गटार, लाउडस्पीकर, पोरांची भांडणं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. १९९० साली या समित्यांचं मूल्यमापन कुणी केलं असतं तर काय दिसलं असतं? एवढ्या बैठका, एवढे कप चहा. त्यांची खरी किंमत दोन वर्षांनी कळली, ती न घडलेल्या गोष्टीतून. हे पोलिसांच्या पुढाकाराने झालं, बिनसरकारी संस्थेच्या नाही, पण हिशेबाचा धडा तोच आहे.

बाहेरच्या देशाचं एकच उदाहरण देते. उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्ब फुटत असतानाच, १९८६ साली, ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी इंटरनॅशनल फंड फॉर आयर्लंड सुरू केला. अमेरिका, युरोपीय संघ, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांनी त्यात पैसे घातले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या लहान संस्थांना तो पैसा गेला. शांतता करार झाला १९९८ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. फंड मात्र करारानंतरही थांबला नाही. बेलफास्टच्या वस्त्यांमधल्या भिंती कशा उतरवायच्या, यासाठी तो आजही तिथल्या लोकांसोबत बसतो आहे.

तुमच्या मनातली भीती मला माहीत आहे आणि ती मी कमी लेखत नाही. एका बाजूचे म्हणून शिक्का बसेल. कुणी समाजमाध्यमावर कंपनीचं नाव घेऊन देशविरोधी म्हणेल. पैसा सशस्त्र गटांच्या खंडणीत जाईल. शेवटची भीती तर पूर्णपणे खरी आहे. नागालँड-मणिपूरमध्ये दुकानदारापासून कंत्राटदारापर्यंत सगळ्यांकडे 'टॅक्स' मागितला जातो. तेव्हा संस्थेला हा प्रश्न तोंडावर विचारा : मागणी आली तर काय करता? जी संस्था असं काही होतच नाही म्हणेल, तिच्यापासून सावध राहा. जी सांगेल की आम्ही रोख ठेवत नाही, पगार खात्यात जातो, मागणी आली की गावसभेपुढे आणि चर्चपुढे मांडतो, ती विश्वासाला पात्र आहे. आणि हे पाहा, खंडणीचा डोळा असतो तो सिमेंटवर, इमारतीवर, गाडीवर. खात्यात जमा होणारा पंधरा-वीस हजारांचा पगार त्या मानाने सुरक्षित.

सगळ्याच संस्था चांगल्या आहेत, असं माझं म्हणणं मुळीच नाही. हॉटेलात परिषद घेऊन, कबुतरं उडवून, फोटो काढून परतणाऱ्या आहेत. एकाच समाजात काम करून दोघांचं नाव सांगणाऱ्या आहेत. फरक ओळखायला फार लागत नाही. कर्मचाऱ्यांची यादी मागवा आणि कोण कुठल्या समाजाचं ते पाहा. सगळ्यांत जुना कार्यकर्ता किती वर्षं टिकला आहे ते विचारा. संस्थेचा प्रमुख वर्षातल्या किती रात्री जिल्ह्यात झोपतो, हेही विचारा. मागच्या हिंसाचाराच्या वेळी ऑफिस बंद होतं की उघडं, आणि उघडं होतं तर दाराशी कोण कोण आलं, हे ऐका. चकचकीत अहवालाच्या दहापट माहिती या उत्तरांत मिळते.

आणि कृपा करून नाव रंगवू नका. तिथे तटस्थ राहणं ही कार्यकर्त्याची एकमेव ढाल आहे. कुठल्याही कंपनीचा लोगो छातीवर लावून तो नाक्यावर उभा राहिला, की हा कुणाचा माणूस, असा प्रश्न पडतो. त्या प्रश्नाची किंमत तुम्ही नाही, तो मोजतो.

हे सगळं आत्ताच का लिहिते आहे, तर बाहेरचा पैसा आटला म्हणून. परदेशी अंशदान कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परवाना असलेली मोठी संस्था तो निधी लहान संस्थेला पुढे देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. जिल्ह्यातल्या पाच-सात माणसांच्या संस्था अशाच पुढे आलेल्या पैशांवर चालत होत्या. देशातलं काम देशाच्या पैशाने व्हावं, ही भूमिका मला मान्य आहे. मग तो देशाचा पैसा कुठे आहे? सीएसआरचा सर्वाधिक निधी दरवर्षी महाराष्ट्रातच खर्च होतो आणि ईशान्येच्या छोट्या राज्यांच्या वाट्याला अगदी थोडा येतो. स्थानिक भागाला प्राधान्य द्या, असं कलम म्हणते, पण कारखान्याच्या कुंपणाबाहेर देऊच नका, असं ते म्हणत नाही.

अशा कामाला पैसा कुठून आणायचा, हा विचार आपल्याकडे पूर्वी झालेला आहे. गागोद्याच्या विनोबांनी १९५७ मध्ये केरळात शांतिसेना सुरू केली. पाच हजार लोकांमागे एक शांतिसैनिक, देशभर सत्तर हजार, असा त्यांचा हिशेब होता. हे लोक जेवणार काय, तर त्यासाठी त्यांनी सर्वोदयपात्र सुचवलं. प्रत्येक घरात एक भांडं, आणि घरातल्या लहान मुलाच्या हाताने त्यात रोज एक मूठ धान्य. सरकारकडून नको, एका धनवंताकडून नको. ते पात्र फार काळ चाललं नाही, शांतिसैनिकही सत्तर हजार झाले नाहीत. पण शांतता राखणारा माणूस रोज जेवतो आणि त्याच्या जेवणाची सोय रोजच व्हायला हवी, ही गोष्ट विनोबांना पहिल्या दिवशी दिसली होती. तुमच्या समित्यांतल्या अनेकांच्या आजीच्या घरी असं पात्र असेल.

तेव्हा माझी विनंती अशी. मार्चअखेरची वाट पाहू नका. नव्या वर्षाचा सीएसआर कृती आराखडा संचालक मंडळापुढे जाईल, तेव्हाच त्यात दीर्घ संघर्षाच्या भागातल्या एका संस्थेचं नाव घाला. एकच पुरे. प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करा, नियम देतो तेवढ्या पूर्ण मुदतीचा. अंदाजपत्रकात मनुष्यबळाचं शीर्षक सर्वांत वर ठेवा आणि त्यात भविष्यनिर्वाह निधी, आरोग्य विमा, अपघात विमा धरा, कारण ही माणसं आज यातल्या एकाही गोष्टीशिवाय नाक्यांवर उभी राहतात. प्रवासाच्या शीर्षकात दोन वाहनं मंजूर करा. वर्षातून एकदा तुमच्यापैकी एका सदस्याने तिथे जाऊन तीन-चार दिवस राहावं, कार्यकर्त्याबरोबर दोन्हीकडच्या गावांत फिरावं आणि समितीला स्वतःच्या हाताने दोन पानं लिहून द्यावीत. तोच अहवाल समजा. मुदत संपायच्या एक वर्ष आधी संस्थेला सांगा की पुढे देणार आहात की नाही, म्हणजे तिला माणसं गमावण्याआधी दुसरीकडे दार ठोठावता येईल.

ज्या समितीला असा प्रस्ताव घ्यायचा असेल, तिच्यासाठी कागद तयार करायला, हिशेबाचे तक्ते बसवायला आणि तुमच्या लेखा विभागाच्या प्रत्येक शंकेला उत्तर द्यायला मी आणि माझ्यासारखी हिशेब सांभाळणारी बरीच मंडळी विनामोबदला यायला तयार आहोत.

आपली नम्र,
लहान संस्थांचे हिशेब पाहणारी एक कार्यकर्ती
पुणे